टापटीप कोणाच्या खर्चाने?
रूपनियम, न्यायनिर्णय आणि नोकरदाराचे हक्क

एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाकडे गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनीने विमानातील सेवकवर्गासाठी केशरचना, प्रसाधन आणि दागिने यांविषयीची नवी नियमावली लागू केली. तिच्या तपशिलाच्या बातम्या छापून आल्या त्या बहुतेक गमतीच्या सुरात. टिकली लावायची तर अर्ध्या सेंटिमीटरची. बांगडी एकच, तीही नक्षी आणि खडे नसलेली. कानांत मोती चालणार नाहीत. अंबाडा फार उंच नको, फार खालीही नको. पांढरे केस दिसता कामा नयेत, ते नैसर्गिक वाटेल अशा रंगाने नियमित रंगवावेत, मात्र मेंदी लावू नये. ज्या पुरुषांना टक्कल पडू लागले आहे त्यांनी डोके पूर्ण तासावे आणि ते रोज तासावे.

वाचकांनी हे वाचून हसून सोडून दिले. पण ही नियमावली म्हणजे एक दस्तऐवज आहे. त्याला भाषा आहे, गृहीतके आहेत आणि पूर्वपरंपराही आहे. करारपत्र किंवा न्यायनिर्णय आपण जसा वाचतो तशी ही नियमावली वाचली, तर काही प्रश्न समोर येतात. डोके रोज तासायला लागणारा वेळ कामाच्या तासांत धरला जातो का? केसांच्या रंगाचे पैसे कोण देतो? रंगाने टाळूला पुरळ उठली तर काय करायचे? केसांच्या पक्क्या काळ्या रंगात बहुधा असणारे पॅराफेनिलीनडायअमीन हे रसायन त्वचेला वावडे ठरू शकते, हे त्वचारोगतज्ज्ञांना नवे नाही. आणि हे सर्व पाळले नाही तर शिक्षा कोणती, ती कोणत्या अधिकाराने? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा माग काढायचा आहे. ‘ग्रूमिंग’ या शब्दासाठी मी पुढे ‘रूपनियम’ हा शब्द वापरतो.

तीन प्रकारचे नियम

रूपनियमांविषयीची चर्चा फसते ती सगळे नियम एकाच मापाने मोजल्यामुळे. वस्तुतः त्यांचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार सुरक्षेचा आणि आरोग्याचा. चालत्या यंत्राजवळ सैल कपडा घालून जाऊ नये, हा नियम कोणी अन्यायाचा म्हणणार नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २२ मध्ये चालत्या यंत्राची तपासणी करणाऱ्या किंवा त्याला तेल देणाऱ्या कामगाराने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत असे म्हटले होते. आणि त्याच वाक्यात, कंसात, हे कपडे कारखान्याच्या भोगवटादाराने पुरवावेत असेही म्हटले होते. २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांतील अनुसूची ४ मध्ये अन्न हाताळणाऱ्यांच्या स्वच्छतेचे नियम आहेत. तेथेही डोक्यावरचे आवरण, मुखपट्टी, हातमोजे आणि संरक्षक कपडे पुरवण्याची जबाबदारी व्यवसायावर टाकली आहे.

दुसरा प्रकार ओळखीचा. बसचा वाहक कोण, इस्पितळातली परिचारिका कोण, हे लोकांना कळावे म्हणून गणवेश असतो. त्यातही गणवेश देणारा आणि घालणारा यांच्यातील देवघेव बहुधा ठरलेली असते.

तिसरा प्रकार आकर्षकतेचा. गिऱ्हाइकाला प्रसन्न वाटावे, ‘ब्रँड’ची छाप पडावी, यासाठीचे हे नियम. येथे मात्र खर्चाचे वाक्य नाहीसे होते. पहिल्या प्रकारात कंसात का होईना, पण मालकाची जबाबदारी लिहिलेली असते. तिसऱ्या प्रकारात फक्त नोकराचे कर्तव्य लिहिलेले असते. यंत्राजवळच्या कामगाराचा कपडा मालकाच्या हिशेबात जातो. विमानातल्या किंवा साडीच्या दुकानातल्या बाईची लिपस्टिक तिच्या पगारातून जाते. दोन्ही गोष्टी कामासाठीच आवश्यक ठरवलेल्या आहेत, तरी एक साधन ठरते आणि दुसरी ‘टापटीप’. माझ्या मते रूपनियमांच्या चिकित्सेचा आरंभ या फरकापासून व्हायला हवा.

व्यवहारात तिसऱ्या प्रकारचे नियम अनेकदा पहिल्याचा वेष घेऊन येतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१४ मध्ये विमानसेवकांच्या वजन-उंची प्रमाणाचे, म्हणजे बीएमआयचे, निकष घातले. पुरुषांसाठी १८ ते २५ हे प्रमाण सामान्य ठरले. स्त्रियांसाठी १८ ते २२. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी साधारणपणे १८.५ ते २५ हे प्रमाण सामान्य मानते आणि त्यात स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. आणीबाणीच्या प्रसंगी विमानाचे दार उघडण्याची ताकद हा निकष असेल, तर स्त्रीने अधिक सडपातळ असण्याचे कारण काय? वैद्यकीय भाषेत लिहिलेल्या या तीन अंकांच्या फरकात आरोग्याचे कारण सापडत नाही, सौंदर्याची अपेक्षा मात्र स्पष्ट दिसते. मराठीने या व्यवसायाला नावच ‘हवाई सुंदरी’ असे दिले. तेच काम करणाऱ्या पुरुषाला कोणी ‘हवाई सुंदर’ म्हटल्याचे ऐकिवात नाही.

न्यायालयाने काय ऐकले, काय ऐकले नाही

या विषयाची न्यायालयीन कहाणी १९८१ च्या ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा’ या निर्णयापासून सुरू करावी लागते. तेव्हाच्या सेवानियमांनुसार हवाई सुंदरीची नोकरी वयाच्या ३५ व्या वर्षी संपे. नोकरीला चार वर्षे होण्याआधी लग्न केले तर तेव्हाच. आणि पहिल्या गरोदरपणी तर लगेच. व्यवस्थापकीय संचालकाच्या मनात आले तर मुदत ४५ पर्यंत वाढे. त्याच विमानात काम करणारे पुरुष ५८ पर्यंत राहत.

न्या. फजल अली यांनी लिहिलेल्या या निर्णयाचा दाखला स्त्रियांच्या विजयाचा म्हणून दिला जातो आणि तो अर्धा खरा आहे. गरोदरपणाची अट न्यायालयाने कडक शब्दांत रद्द केली. संचालकाची लहरही रद्द केली. अवघड प्रवाशांना सांभाळायला तरुण आणि आकर्षक स्त्रियाच लागतात, हा महामंडळाचा युक्तिवादही स्त्रियांना कमी लेखणारा म्हणून नाकारला. हा भाग आजही वाचण्यासारखा आहे. पण मूळ प्रश्नावर न्यायालय थांबले. हवाई सुंदरी आणि पुरुष सेवक हे दोन वेगळे संवर्ग आहेत, त्यांची भरती, पदोन्नती, सेवाशर्ती वेगळ्या आहेत, म्हणून त्यांची तुलनाच होत नाही, असे ते म्हणाले. चार वर्षांतल्या लग्नाची अटही वाजवी ठरली.

या तर्कातली अडचण अशी की सेवाशर्ती वेगळ्या आहेत हीच तक्रार होती, आणि सेवाशर्ती वेगळ्या आहेत हेच उत्तर मिळाले. भेदभाव पुरेसा जुना आणि पद्धतशीर असला की तो ‘वर्गीकरण’ होतो, असा याचा अर्थ निघतो. बावीस वर्षांनी हाच तर्क पुन्हा उभा राहिला. स्त्रियांनी वयाच्या ५० व्या वर्षी विमानातले काम सोडावे, पुरुषांनी ५८ व्या, या नियमाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो फिरवला. कारणे संवर्ग, तडजोडी आणि पूर्वीचे करार. आकर्षकतेचा मुद्दा १९८१ मध्ये तोंडावर नाकारला गेला होता. त्याचा परिणाम मात्र कराराच्या भाषेत टिकून राहिला.

दाढीचा प्रश्न

पुरुषांच्या रूपनियमांत सर्वाधिक खटले दाढीने निर्माण केले. हवाई दलातील एका मुस्लिम कॉर्पोरलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी निकाल दिला. हवाई दलाच्या १९६४ च्या विनियमांतील ४२५(ब) अन्वये, ज्यांचा धर्म केस कापण्यास किंवा दाढी करण्यास मनाई करतो त्यांनाच दाढी-केसांची मुभा आहे. अर्जदाराच्या धर्मात अशी मनाई असल्याचे सिद्ध होत नाही, सैन्याला एकरूपता आणि शिस्त आवश्यक आहे, म्हणून कारवाई योग्य, असा निकालाचा आशय. महाराष्ट्राच्या राज्य राखीव पोलीस दलातील एका शिपायाची अशीच याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली होती; ती पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली.

सैन्य आणि पोलीस यांच्याबाबत राज्यघटनेचे कलम ३३ संसदेला मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार देते, हे खरे. म्हणून निकालांच्या निष्कर्षाशी वाद न घालताही त्यांच्या मांडणीविषयी एक आक्षेप घेता येतो. या मांडणीत माणसाचा स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क फक्त धर्माज्ञेच्या दारातून आत येऊ शकतो. ज्याचा धर्म सक्ती करतो त्याला मुभा. ज्याला दाढी आपली वाटते, किंवा रोज वस्तरा फिरवल्याने ज्याच्या हनुवटीवर गाठी उठतात, त्याला बोलायला जागा नाही. कुरळ्या केसांच्या पुरुषांत केस त्वचेत आत वळून सूज येण्याचा विकार असतो आणि त्यावर डॉक्टरांचा पहिला सल्ला दाढी न करण्याचाच असतो. त्याला कोणता धर्मग्रंथ दाखवायचा?

दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची. सैन्यासाठी दिलेली कारणे सैन्याबाहेर झिरपतात. सोसायटीच्या फाटकावर बारा तास उभा राहणारा खासगी सुरक्षारक्षक हा सैनिक नाही. कलम ३३ त्याला लागू नाही. तरी ‘रोज गुळगुळीत दाढी, बूट चकचकीत, अन्यथा दंड’ असे कलम त्याच्या नेमणूकपत्रात सर्रास आढळते. सैनिकाला निवास, शिधा आणि निवृत्तिवेतन मिळते. रक्षकाच्या वाट्याला शिस्तीची फक्त दाढी आली.

बंद झालेले दार

१९८१ मध्ये हवाई सुंदरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत घटनेचे कलम १४ हातात घेऊन जाऊ शकल्या, कारण एअर इंडिया ही सरकारी महामंडळ होती. खासगी मालकाविरुद्ध सहसा तसे जाता येत नाही. एअर इंडियाच्या काही कर्मचाऱ्यांनी वेतन आणि पदोन्नतीविषयी केलेल्या याचिका मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे पडून होत्या. मधल्या काळात कंपनी विकली गेली. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले की आता ही कंपनी ‘राज्य’ उरलेली नाही, म्हणून याचिका चालणार नाहीत. १६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. याचिका दाखल केल्या तेव्हा दार उघडे होते, सुनावणी आली तेव्हा ते बंद झाले होते.

या दोन तारखा रूपनियमांच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. नोव्हेंबर २०२२ ची नियमावली ही दार बंद झाल्यानंतरची नियमावली आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘कौशल किशोर’ प्रकरणात घटनापीठाच्या बहुमताने कलम १९ आणि २१ चे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतील असे म्हटले. पण त्या वाक्याचा आधार घेऊन कंपनीला टिकलीचे माप विचारायला उच्च न्यायालयात जाणे कोणत्या नोकरदाराला परवडेल?

कामगार कायद्याची शिदोरी

म्हणून घटनेऐवजी कामगार कायद्याकडे वळले पाहिजे. तो रुक्ष आहे, पण अधिक उपयोगी आहे.

पहिले साधन स्थायी आदेशांचे. १९४६ च्या अधिनियमाने शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला सेवाशर्ती लेखी करून प्रमाणन अधिकाऱ्याकडून मंजूर करून घेणे भाग पाडले. युनियनला आपले म्हणणे मांडता येई. १९५६ च्या दुरुस्तीनंतर अधिकाऱ्याला नियम न्याय्य आणि वाजवी आहे की नाही, हेही तपासता येऊ लागले. कोणती कृत्ये गैरवर्तन ठरतील ते या आदेशांतच लिहावे लागते. ग्लॅक्सो प्रयोगशाळेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी स्पष्ट केले की जे कृत्य स्थायी आदेशांत गैरवर्तन म्हणून नमूद नाही, ते मालकाला मागाहून गैरवर्तन ठरवता येत नाही. याचा रूपनियमांशी सरळ संबंध आहे. एचआर विभागाने ईमेलने पाठवलेली पुस्तिका म्हणजे स्थायी आदेश नव्हे. तिच्यातला अंबाडा चुकला म्हणून बडतर्फी करायची असेल, तर ते गैरवर्तन कोणत्या मंजूर आदेशात लिहिले आहे, हे मालकाने दाखवले पाहिजे.

दुसरे साधन बदलाच्या नोटिशीचे. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ९अ अन्वये चौथ्या अनुसूचीतील बाबींत कामगारांना बाधक बदल करायचा तर २१ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागे. त्या अनुसूचीत ‘शिस्तीचे नवे नियम किंवा जुन्यांत बदल’ ही बाब, स्थायी आदेशांतील तरतुदी वगळून, स्पष्टपणे आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेने कलम ४० आणि तिसरी अनुसूची यांत ही व्यवस्था ठेवली आहे. सोमवारी पुस्तिका आणि मंगळवारपासून अंमल, हे या तरतुदीत बसत नाही.

तिसरे साधन दंडाच्या मर्यादेचे. दाढी केली नाही म्हणून रक्षकाचे पैसे कापणे ही फार चालती गोष्ट आहे. वेतन प्रदान अधिनियमाच्या कलम ८ नुसार दंड फक्त शासनाच्या पूर्वमान्यतेने जाहीर केलेल्या कृत्यांसाठीच करता येई. म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागे. त्या वेतनकालातील वेतनाच्या तीन टक्क्यांवर दंड जाता कामा नये. आणि दंडाची रक्कम कामगारांच्याच हितासाठी वापरावी लागे. वेतन संहितेतही तीन टक्क्यांची मर्यादा कायम आहे. ‘दाढी नाही, आजचा पगार नाही’ हा हिशेब कोणत्याच कायद्यात बसत नाही.

चौथे साधन महाराष्ट्राचे स्वतःचे. १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत, किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी, पूर्वीची सेवा लक्षात न घेता, धक्कादायक वाटावी इतकी मोठी शिक्षा म्हणून कामावरून काढणे ही अनुचित कामगार प्रथा मानली आहे. मिशीच्या लांबीवरून गेलेल्या नोकरीला याहून जवळचे वर्णन सापडणे कठीण.

याखेरीज काही खास संरक्षणे आहेत. २०१४ च्या ‘नालसा’ निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने वेशभूषा आणि बाह्यरूप यांची निवड हा अभिव्यक्तीचा भाग मानला. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाचे कलम ९ कोणत्याही आस्थापनेला नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करते. २०१६ च्या दिव्यांग अधिनियमात अॅसिडहल्ल्यातील पीडित आणि कुष्ठरोगमुक्त व्यक्ती येतात. ज्यांच्या चेहऱ्याकडेच जग बोट दाखवते, त्यांच्याबाबतीत ‘प्रसन्न दिसणे’ ही अट म्हणजे आडमार्गाने केलेली प्रवेशबंदी होय.

शिदोरीला पडलेले भोक

हे सारे कागदावर भक्कम आहे, पण ते किती जणांपर्यंत पोचते? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या. स्थायी आदेशांची मर्यादा केंद्रीय कायद्यातल्या १०० कामगारांवरून ३०० वर गेली. गंमत अशी की नव्या संहितेची व्याख्या सेवाक्षेत्राला अधिक मोकळेपणाने सामावून घेते, आणि नेमक्या सेवाक्षेत्रातल्या आस्थापना लहान लहान असतात. उपाहारगृह, सराफी दुकान, ब्युटी पार्लर, कंत्राटदाराने चाळीस इमारतींत वाटलेले रक्षक: रूपनियम जेथे सर्वाधिक जाचतात, तेथे तीनशेचा आकडा क्वचितच भरतो. व्याख्या रुंदावली आणि उंबरठा उंचावला.

मालकाची बाजू

मालकाच्या बाजूचे दोन मुद्दे गंभीरपणे घ्यायला हवेत. एक, गिऱ्हाइकाला स्वच्छ, नेटका माणूस समोर हवा असतो, आणि धंदा गिऱ्हाइकावर चालतो. हे मान्यच आहे. परंतु स्वच्छता आणि आकर्षकता या भिन्न गोष्टी आहेत. पांढरे केस अस्वच्छ नसतात. गिऱ्हाइकाची आवड हे अंतिम प्रमाण मानले, तर विशिष्ट जातीचा, रंगाचा, वयाचा माणूस समोर नको ही आवडही मानावी लागेल. आपल्या समाजात अशा आवडींचा इतिहास लांब आहे.

दोन, अट माहीत असूनच नोकरी पत्करली ना? हा युक्तिवाद १९८१ मध्येही होता. नोकरी मागणाऱ्याची संमती ही दोन सारख्या बळाच्या माणसांमधली संमती नसते, या एकाच ओळखीवर सगळा कामगार कायदा उभा आहे. शिवाय २०२२ ची नियमावली नव्या उमेदवारांबरोबर वीस-वीस वर्षे सेवा झालेल्यांनाही लागू झाली. पांढऱ्या केसांना त्यांनी नेमणुकीच्या वेळी संमती कशी दिली असेल? तेव्हा ते काळे होते.

चार प्रश्न

रूपनियम मुळीच असू नयेत असे मला म्हणायचे नाही. प्रत्येक नियमाला चार प्रश्न विचारले जावेत, इतकीच मागणी आहे. हा नियम सुरक्षा, आरोग्य किंवा ओळख यांपैकी कशासाठी आहे? त्याचा पैसा आणि वेळ कोणाच्या खात्यावर पडतो? स्त्री आणि पुरुष यांच्यावर त्याचा भार सारखा आहे का? आणि न पाळल्यास होणारी शिक्षा आधी लिहिलेली, मंजूर झालेली आणि कृत्याच्या प्रमाणात आहे का? अर्ध्या सेंटिमीटरची टिकली पहिल्याच प्रश्नाला अडखळते. रोजचे मुंडण दुसऱ्याला. बीएमआयचे आकडे तिसऱ्याला. रक्षकाचा दंड चौथ्याला.

संहितांखालील आदर्श स्थायी आदेशांत हे चार प्रश्न घालणे सरकारला अवघड नाही. युनियनांनीही वेतनकराराच्या मागणीपत्रात प्रसाधनाचा आणि गणवेशाच्या देखभालीचा भत्ता, तयारीच्या वेळेचा मोबदला ही कलमे आग्रहाने घालावीत. आजवर ती चेष्टेचा विषय समजून बाजूला ठेवली गेली. आणि तोपर्यंत एक लहान गोष्ट लगेच करता येईल. १९४६ च्या अधिनियमाच्या कलम ९ ने स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावायला सांगितले होते. रूपनियमांची पुस्तिकाही मराठीत, शिक्षेच्या आणि खर्चाच्या रकान्यांसह, फाटकाजवळ लावावी अशी मागणी करायला तीनशे कामगार लागत नाहीत. खर्चाचा रकाना कोरा राहिला, तर तोही तेथून जाणाऱ्या-येणाऱ्या सर्वांना वाचता येईल.